कड्यानं दिलेली पोच

“हं,” एर्मेक म्हणाला.

*

गुलाबी पुठ्ठ्याचा डबा, सुतळीनं बांधलेला. ट्रॉलीबसमध्ये उभ्यानं, दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. कुणाचं कोपर लागलं की आत काहीतरी मऊ सरकल्याची भीती.

*

हिरवा दिवा लागला की बटण पुन्हा दाबू नये. पुन्हा दाबल्यास रस्ता तुंबतो.

*

मधमाशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. पेटी चार हात बाजूला सरकवली तर बाहेर गेलेली माशी परत येऊन जुन्या जागीच, रिकाम्या हवेत घिरट्या घालत राहते. हे तुर्दाखूननं सांगितलं होतं, चाकूनं पोळं कापता कापता.

*

लोंढा यायच्या आधी ओढ्याला मातीचा वास येत नाही. घासलेल्या दगडाचा येतो, आगकाडी ओढल्यासारखा.

*

बिघडलेली प्रत फेकून द्यायची नाही.

*

सकाळी सव्वासातला दामेलीनं नवऱ्याच्या कपात दूध घातलं, वर चहा ओतला आणि सांगितलं, “आज बहुतेक मला कामावरून काढतील.” एर्मेक टेबलाशी बसून फोनवर कुणाच्या तरी जुन्या गाडीचे फोटो बघत होता. तो म्हणाला, “हं.” तिनं किटली खाली ठेवली. तिला राग आला नाही. दारात पाय मुरगळावा आणि दुखायच्या आधी नुसतं आश्चर्य वाटावं, तसं तिला झालं. कारण त्या ‘हं’चा सूर बरोबर होता, वेळ बरोबर होती, त्यात थोडी मायाही होती. फक्त तिचं वाक्य त्याच्यापर्यंत गेलेलं नव्हतं. ते मध्येच कुठंतरी, कपाच्या काठावर किंवा ब्रेडच्या टोपलीपाशी थांबलं होतं आणि तिथूनच त्याची पोच आली होती. खात्री करावी म्हणून ती म्हणाली, “स्वयंपाकघरात घोडा शिरलाय.” “हं,” एर्मेक म्हणाला आणि चहाचा घोट घेतला. आयझाननं, त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीनं, तोंडातला घास तसाच ठेवून आईकडे बघितलं, मग बापाकडे, आणि ती इतकी हसली की दूध नाकातून आलं. तेव्हा एर्मेकनं वर बघितलं. “काय झालं?” “काही नाही,” दामेली म्हणाली, पर्स उचलली आणि निघाली.

ट्रॉलीबसमध्ये समोरच्या बाईच्या मांडीवर कलिंगड होतं आणि बाई त्यावर हात ठेवून पेंगत होती. बाहेर जुलैचं ऊन आताच पांढरं झालं होतं. डोंगर दिसत नव्हते. रोज दिसणारे डोंगर उन्हाळ्यात धुरकट हवेत विरघळून जातात, आणि शहरातले लोक ते आहेत असं धरून चालतात. दामेलीच्या पर्समध्ये चार कागद होते, घडी घालून. कालपासून ती ते काढत नव्हती. फक्त पर्स उघडताना बोटं त्यांना लागत होती. त्यांत कड्यावरच्या रिलेच्या आठवणीतून काढलेल्या वेळा होत्या. वर तेकेसायच्या सरोवराकाठी चौकी, खाली शहर, आणि मध्ये आडवा कडा. म्हणून कड्याच्या माथ्यावर तो रिले बसवलेला. चौकीवरचा निरोप तो घेतो आणि शहराकडे फेकतो. सरोवर फुटून आलेल्या लोंढ्यानंतर दोन दिवसांनी दामेली स्वतः चढून गेली होती, गुडघे सोलून घेतले होते आणि त्याची आठवणीची पेटी काढून आणली होती. ती वाचायला येणारं खात्यात दुसरं कुणी नव्हतं. गेन्नादी ल्वोविच, तिचे साहेब, काल दाराशी येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. “दामेली सेरिकोव्ना, त्या पेटीत पाणीबिणी शिरलंय का?” त्यांनी विचारलं होतं. “बघते,” ती म्हणाली होती. “शिरलं असेल तर शिरलं. गारा काय कमी पडल्या?” ते चष्मा पुसत म्हणाले. “मी आपलं नुसतं विचारतोय हां.” वाईट माणूस नव्हता तो. एकदा तिची आई इस्पितळात असताना त्यानं तीन आठवडे तिची कामं आपल्या अंगावर घेतली होती आणि त्याचा उल्लेखही कधी केला नव्हता. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं.

तुर्दाखून लोंढ्यात गेला त्या दिवशी रेडिओवर नुसतं ‘एक मधपाळ’ एवढंच आलं. बेचाळीस पेट्या, एक तंबू, एक मधपाळ. दामेलीनं ते ऐकलं तेव्हा ती भोपळी मिरच्या चिरत होती आणि पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की आता त्या माश्या कुठं परत येतील. दुसऱ्यांदा आलं, चार वाजून चव्वेचाळीस. सायरन वाजला तो चार चव्वेचाळीसला, खालची तार लोंढ्यानं तुटली म्हणून आपोआप. लोंढा तुर्दाखूनच्या तंबूपाशी पोचला चार एक्केचाळीसला. चौकीवरचा ओराझाली आगा सांगत होता, मी चार बाराला कळवलं. शहराच्या नोंदीत चार बाराला काहीच नव्हतं. नोंद म्हणजे दामेलीची नोंद, दामेलीचं यंत्र; दोन वर्षं झाली होती बसवून, आणि कधी चुकलेलं नव्हतं. आणि म्हातारा चार एकतीसला चौकी सोडून गेला होता, हे त्यानंच सांगितलं होतं. एवढ्या तीन गोष्टी एका ओळीत ठेवल्या की वाक्य आपोआप तयार होत होतं: झोप लागली, उशीर झाला, घाबरून पळाला. समितीनं ते वाक्य अजून उच्चारलं नव्हतं. आज अकरा वाजता उच्चारणार होती. मग एकतीस वर्षांची नोकरी, आणि तिच्या शेवटी एक फौजदारी खटला.

कलिंगडवाली बाई जागी झाली आणि कलिंगडाला थोपटून पुन्हा झोपली.

बावीस वर्षांपूर्वी दामेली पहिल्यांदा तेकेसायला गेली ती शिकाऊ म्हणून, कोरे बूट घालून. तेव्हा चौकीवर आवाजाचा रेडिओ होता. लाकडी खोक्याचा, तोंडाशी धरायचा. दर तीन तासांनी ओराझाली आगा पाण्याची उंची सांगायचा आणि शहरातून बोलणाऱ्यानं तो आकडा तसाच परत म्हणायचा. “एकशे चाळीस.” “एकशे चाळीस.” “गढूळ.” “गढूळ.” मग आगा “बरोबर” म्हणायचा आणि तेवढ्यावरच बोलणं संपायचं. पहिल्याच आठवड्यात दामेली खाली शहरात ऐकायला बसली आणि आकडा ऐकून म्हणाली, “समजलं.” पलीकडे खरखर. मग आगाचा आवाज: “काय समजलं?” “तुम्ही सांगितलं ते.” “मी काय सांगितलं?” तिला क्षणभर आठवेना. “हे बघ, काराघिम,” आगा म्हणाला. मुलीबाळींना तो असंच म्हणायचा. “‘समजलं’ म्हणू नकोस. समजलं तर माझी शेळीपण म्हणते. काय समजलं ते म्हण.” खोलीतले सगळे हसले आणि तिचे कान तापले. नंतर पुष्कळ वर्षं कुठंही, दुकानात, शाळेत, आईशी फोनवर बोलताना, ती ऐकलेलं परत म्हणायची. आई वैतागायची. “बहिरी मी आहे, तू कशाला डबल बोलतेस?” मग ती सवय गेली. कधी गेली ते तिला सांगता आलं नसतं.

तिचा प्रबंध याच गोष्टीवर होता, म्हणजे वेगळ्या भाषेत याच गोष्टीवर. हवेतून निरोप जातो तेव्हा तो फाटतो. काही अक्षरं गळतात, काही बदलतात. म्हणून निरोपाबरोबर थोडी जोड पाठवायची, म्हणजे पलीकडच्याला फाटलेलं शिवता येतं. हवा स्वच्छ असली तर भरभर बोलायचं, जोड कमी द्यायची. हवा बिघडली, गारा आल्या, की सावकाश बोलायचं आणि जोड वाढवत न्यायची. तरीही पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचं. आणि दामेलीला त्यातलं सगळ्यांत आवडलेलं होतं ते हे, की बिघडून आलेली पहिली प्रत पलीकडच्यानं फेकून द्यायची नाही. ठेवायची. दुसरी आली, तीही बिघडलेली, तीही ठेवायची. एकीत जिथं भोक आहे तिथं दुसरीत कदाचित धागा असतो. एकावर एक ठेवून उजेडाकडे धरलं की दोन निकामी प्रतींतून एक पुरी प्रत वाचता येते. सव्विसाव्या वर्षी हे तिला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती वाचनालयातून बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली होती आणि तिला उगाचच रडू आलं होतं. माणसांच्या बाबतीत असं कुणी करत नाही, असं तिला तेव्हा वाटलं होतं. बिघडलेलं ऐकू आलं की माणसं ते टाकून देतात आणि म्हणतात, नीट बोल.

आणि आता तिच्या स्वतःच्या डोक्यात एक प्रत येत होती. दोन वर्षांपूर्वीची. चौकीची खोली, नवं यंत्र, भिंतीवर चिकटवायचा कागद, तिच्या हातात हिरवं स्केचपेन. आगा मागे उभा.

“काराघिम, — — — हिरवा — — — कोण — — — ?”

पुढं काही नाही. खरखर. ट्रॉलीबसची काठी तारेवरून निसटली, दिवे गेले, आणि चालक शिव्या देत खाली उतरला.

समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर ओराझाली आगा बसला होता. अंगात एकच चांगला कोट, डोक्यावर नक्षीची टोपी, आणि हात गुडघ्यांवर पालथे ठेवलेले, शाळेतल्यासारखे. सहासष्ट वर्षांचा. गालावर आडवा ओरखडा होता, अजून न वाळलेला. त्यानं तिला बघून बाकावर सरकून जागा केली, बाक पूर्ण रिकामा असूनही.

“बस. इथला चहा पिऊ नकोस, हां. हा चहा पिऊनच निम्मे लोक लवकर निवृत्त होतात.”

“तब्येत कशी आहे, आगा?”

“माझी? मला काय धाड भरलीय. म्हातारी म्हणते, कोट इस्त्री करून जा, निदान कोटाला तरी सोडतील.” त्यानं खिशातून कुर्तचा खडा काढला, तो कडक, खारट, वाळवलेल्या ताकाचा गोळा, आणि तिच्या तळहातावर ठेवला. “घे. नुसती बसू नकोस. तोंडात काहीतरी असलं की माणूस कमी बोलतो.”

तिनं तो गालात ठेवला. मीठ हळूहळू सुटायला लागलं.

“आगा,” ती म्हणाली, “बटण किती वेळा दाबलं होतंत?”

तो दाराकडे बघायला लागला. उजव्या हाताचा अंगठा त्यानं नकळत मुठीत घेतला. तेवढं तिनं बघितलं.

“एकदा.”

“एकदाच?”

“तूच लिहून ठेवलंयस ना भिंतीवर. हिरवा लागला की पुन्हा दाबू नये. मला वाचता येतं गं.” मग आवाज खाली आणून: “तुझं यंत्र चांगलं आहे. मी आत तुझ्या यंत्राला नाव ठेवणार नाही, तू काळजी करू नकोस.”

दामेलीच्या पर्समधल्या कागदांवर अकरा ओळी होत्या. चार बारा, चार तेरा, चार पंधरा… ती काल संध्याकाळी त्या ओळी मोजताना दोनदा चुकली होती, कारण तिला अकरा हा आकडा यायला नको होता. अकरा वेळा म्हाताऱ्यानं बटण दाबलं होतं. रिलेनं पहिला निरोप घेतला होता, स्वच्छ, एकही अक्षर न फाटता, आणि चौकीवर हिरवा दिवा लावला होता. मग तो शहराकडे वळला आणि मध्ये गारा होत्या. त्यानं पाठवलं, पोच नाही. वेग कमी केला, जोड वाढवली, पाठवलं. आणखी कमी, आणखी जोड. शिकवलं होतं तसं सगळं त्यानं केलं. सात वेळा. सातनंतर थांबायचं आणि निरोप सोडून द्यायचा, असं त्याला सांगून ठेवलेलं होतं, म्हणून चार सोळाला त्यानं सोडून दिला. त्यानंतर म्हाताऱ्यानं जितक्या वेळा दाबलं तितक्या वेळा रिलेला वाटलं, हा तोच निरोप, तीच उंची, तीनशे दहा. हा तर मला मिळालाय. आणि त्यानं पुन्हा पाठवण्याची तसदी न घेता दरवेळी हिरवा दिवा तेवढा लावला. गारा चार वीसला थांबल्या होत्या. शेवटचं बटण दाबलं चार एकतीसला. अकरा मिनिटं हवा आरशासारखी होती. त्यातला कुठलाही एक निरोप गेला असता तर सायरन वाजला असता. तुर्दाखूनच्या तंबूपासून वरची पायवाट धरायला चार मिनिटं लागतात. ती स्वतः कितीदा चढली होती, हातात मधाची बरणी घेऊन.

तिच्या फोनवर एर्मेकचा निरोप आला. ‘घोड्याचं काय म्हणत होतीस?’ ती बघतच राहिली. तिला हसू आलं आणि ते कुर्तच्या मिठाशी गालात अडकलं. लगेच दुसरा: ‘थांब. त्याआधी काय म्हणालीस? कामावरून काय?’ म्हणजे त्यानं टाकून दिलं नव्हतं. कुठंतरी ठेवलं होतं, फाटकंतुटकं, आणि आता आपल्या दुकानात गिऱ्हाईक नसताना काढून उजेडाकडे धरून बघत होता. तिनं लिहिलं, ‘संध्याकाळी सांगते.’ मग ते पुसलं आणि लिहिलं, ‘बरोबर ऐकलंस.’

“नवरा?” आगानं विचारलं.

“हो.”

“चांगलं लिहितोय ना?”

“उशिरा लिहितो.”

“लिहितो ना. माझ्या म्हातारीनं एकोणिसशे ब्याऐंशी साली विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर परवा दिलं मला,” आगा म्हणाला, आणि तेवढ्यात दार उघडलं.

“काराघिम, हा हिरवा — — — कोण लावतो — — — की — — — ?”

दुसरी प्रत. तीही अर्धीच. पण आता त्यात तिचा स्वतःचा आवाजही होता, लांबून, पेनाचं टोपण दातांत धरून उमटलेला.

आत लांब टेबल होतं, पाच माणसं, पंखा. अध्यक्ष टाय सैल केलेले, सभ्य, थकलेले गृहस्थ होते; त्यांनी आगाला ‘अक्सकाल’ म्हटलं, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं, आणि बसूनच बोला म्हणाले. गेन्नादी ल्वोविच कोपऱ्यात चष्मा पुसत होते. दामेलीला भिंतीलगतची खुर्ची मिळाली. तिथून तिला आगाच्या मानेची मागची बाजू दिसत होती, उन्हानं भेगाळलेली.

“चार बाराला पाठवलंत.”

“पाठवलं. उंची तीनशे दहा.”

“किती वेळा, अक्सकाल?”

“एकदा.”

“दिवा?”

“हिरवा लागला.”

“मग चार एकतीसपर्यंत, म्हणजे एकोणीस मिनिटं, आपण काय करत होतात?”

पंख्याचं एक पातं दरवेळी जाळीला घासत होतं.

“सरोवर चढत होतं, आपल्याला ते दिसत होतं. खालून सायरन ऐकू येत नव्हता, तेही आपल्याला कळत होतं. एकतीस वर्षांचा अनुभव आहे आपल्याला. पुन्हा एकदा दाबावं, असं नाही वाटलं?”

“नियम नाही तसा.”

“म्हणजे बसून होतात.”

“…बसून होतो,” आगा म्हणाला.

दामेलीला तेव्हा कळलं. इतका वेळ ती समजत होती की म्हातारा नियम मोडल्याचं लपवतोय, अभिमान म्हणून किंवा भीतीपोटी. पण त्याच्या मानेच्या त्या भेगांकडे बघताना तिला भिंतीवरच्या कागदाची दुसरी ओळ दिसली, तिच्याच हिरव्या अक्षरातली, तिनंच घाईत लिहिलेली, कारण सगळेच म्हातारे बटण दहा-दहा वेळा दाबतात आणि त्यांना जरा धाक बसावा. पुन्हा दाबल्यास रस्ता तुंबतो. तो हे धरून बसला होता की त्यानंच तुंबवला. अकरा वेळा दाबून, आपल्या अंगठ्यानं, तुर्दाखूनकडे जाणारा सायरन त्यानंच अडवून धरला. एकोणीस मिनिटं झोपलो होतो असं ठरलेलं त्याला चाललं असतं. हे नको होतं. आठ दिवस तो हे घेऊन बसला होता, कोटाच्या आत, आणि बाहेर तिला कुर्त खायला घालत होता. आणि याच क्षणी, कुणी न बोलावता, तिसरी प्रत आली. तिन्ही एकावर एक बसल्या. चौकीच्या खिडकीतून येणारं तिरपं ऊन, तिच्या मनगटावरचं घड्याळ, साडेतीन वाजलेले, जीपचा चालक खाली भोंगा वाजवतोय, आणि मागून आगा विचारतोय:

“काराघिम, हा हिरवा दिवा नक्की कोण लावतो गं? तू लावतेस, की कडा?”

आणि ती, पेनाचं टोपण दातांत धरून, वळूनही न बघता:

“हं.”

“दामेली सेरिकोव्ना,” अध्यक्ष म्हणाले, “रिलेच्या पेटीतून काही निघालं का? की पाणी शिरलंय?”

गेन्नादी ल्वोविचनी चष्मा पुसायचा थांबवला.

“पाणी शिरलेलं नाही,” ती म्हणाली. तोंडात अजून कुर्तचा तुकडा होता. तिनं तो गालात ढकलला. “ओराझाली आगांनी बटण एकदा नाही, अकरा वेळा दाबलं.”

“खोटं!” आगा उठून उभा राहिला. टोपी वाकडी झाली. “साहेब, ही पोरगी माझ्यावर माया करते म्हणून काहीबाही सांगतेय. मी असं करत नाही. कागद लावलाय भिंतीवर. मी दाबलं नाही.”

“आगा, बसा.”

“मी दाबलं नाही म्हणतो ना!”

तिनं पर्समधून कागद काढले. ते टेबलावर ठेवून उलगडले. अध्यक्षांकडे न बघता, त्या मानेकडे न बघता, आता समोर वळलेल्या त्या चेहऱ्याकडे बघून तिनं वाचलं.

“चार बारा. उंची तीनशे दहा.”

आगाचे ओठ हलले. आवाज आला नाही.

“चार तेरा. तीनशे दहा.”

“चार तेरा,” आगा म्हणाला. अगदी हळू. त्याला स्वतःलाही कळलं नसावं. वर्षानुवर्षं ऐकलेल्या गोष्टीला तोंड आपसूक उघडावं तसं. “तीनशे दहा.”

“चार पंधरा.”

“चार पंधरा.”

“चार सोळा.”

“चार सोळा.” तो हळूहळू खाली बसला. टोपी त्यानं काढून मांडीवर घेतली.

चार अठरा, चार एकोणीस, चार एकवीस. टाचण लिहून घेणाऱ्या बाईनं लिहिणं सोडून दोघांकडे बघितलं. चार चोवीस. चार सत्तावीस. चार एकोणतीसला आगाचा आवाज घोगरा झाला आणि त्यानं तो आकडा पुन्हा एकदा, नीट, म्हटला.

“चार एकतीस,” दामेली म्हणाली.

“चार एकतीस. मग मी खाली पळालो. त्याला हाका मारत. वळणावर लोंढा माझ्या बाजूनं पुढं गेला.” त्यानं ओरखड्याला हात लावला. “साहेब, मीच तुंबवला रस्ता. अकरा वेळा दाबून. तिथं लिहिलेलं होतं.”

“नाही तुंबला,” दामेली म्हणाली. “आगा, ऐका. ते मी उगाच लिहिलं होतं. तुमचा पहिलाच निरोप कड्यापर्यंत पोचला होता. कड्यानं हिरवा लावला. शहरानं नाही. कड्याच्या पुढं गारा होत्या. कड्यानं सात वेळा पाठवला आणि सोडून दिला. सातनंतर सोड, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. आणि त्यानंतरचं तुमचं प्रत्येक दाबणं त्यानं जुनंच म्हणून बाजूला टाकलं, तेही मीच सांगून ठेवलं होतं. दिवा लगेच लागावा म्हणून मी तो कड्यावर सोपवला. शहराची पोच येईपर्यंत थांबवायला हवा होता. तुम्ही मला विचारलं होतंत, दिवा कोण लावतो म्हणून.”

“विचारलं होतं,” आगा म्हणाला.

“मी ऐकलं नव्हतं.”

“ऐकलं नव्हतंस,” तो म्हणाला. ते दोषारोपासारखं नव्हतं. आकडा परत म्हणावा तसं होतं. मग तो मांडीवरच्या टोपीच्या नक्षीवरून अंगठा फिरवत म्हणाला, “म्हणजे माझं गेलं होतं.”

“तुमचं गेलं होतं. पहिल्यांदाच. चार बाराला.”

“चार बाराला,” ओराझाली आगा म्हणाला. “बरोबर.”

गेन्नादी ल्वोविच उठून खिडकीशी गेले. अध्यक्षांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि मग, सभ्यपणे, जणू फक्त नोंदीपुरतं हवं होतं म्हणून, विचारलं, “दामेली सेरिकोव्ना, सातच का? वीस का नाही, शंभर का नाही? सात हा आकडा कशावरून काढलात?”

ती पाणी प्यायली. कुर्त विरघळून गेलं होतं, नुसतं मीठ राहिलं होतं. टाचण घेणारी बाई पेन टेकवून थांबली होती.

“काढला नाही,” दामेली म्हणाली. “आकड्याचा खण रिकामा होता, तो भरला.”

“लिहा तसंच,” अध्यक्ष म्हणाले.

ज्या दिवशी तिनं तो खण भरला त्या दिवशी आयझानला सात वर्षं पूर्ण झाली होती, आणि केकचं दुकान सहाला बंद होत असे.